दीडशेचा आकडा आणि गच्चीवर दिसलेल्या चार उल्का

नेरूळच्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या डिसेंबरात १४ तारखेला रात्री त्या, त्यांची दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई अशा तिघी सोसायटीच्या गच्चीवर नऊ ते अकरा बसल्या होत्या. वर्तमानपत्रात मिथुन राशीच्या उल्कावर्षावाबद्दल ‘ताशी दीडशे उल्का’ असे छापून आले होते. प्रत्यक्षात दोन तासांत तिघींना मिळून चार उल्का दिसल्या. मुलगी हिरमुसली, आणि सासूबाई म्हणाल्या की गावी अंगणात झोपल्यावर याहून जास्त तारे तुटताना दिसायचे. आमचे काय चुकले, येत्या डिसेंबरात कुठे जावे, दुर्बीण घ्यावी का, आणि आम्ही जे पाहू त्याचा कोणाला काही उपयोग होतो का, असे त्यांनी विचारले आहे.

मी ठाण्यात राहतो आणि गेली सव्वीस वर्षे डिसेंबरातला हा उल्कावर्षाव, ढगांनी अडवले नाही तर, दरवर्षी पाहतो आणि मोजतो. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो, ती मुलीलाही आवर्जून सांगावी: आपले काही चुकलेले नाही. नेरूळच्या गच्चीवरून नऊ ते अकरा या वेळात चारच उल्का दिसायला हव्या होत्या आणि तेवढ्याच दिसल्या. हे समाधानासाठी म्हणत नाही, त्यामागे साधा हिशेब आहे.

छापून येणारा दीडशेचा आकडा हा कोणीही डोळ्यांनी मोजलेला आकडा नसतो. त्याला ‘झेनिथल अवर्ली रेट’ म्हणतात आणि आम्ही निरीक्षक बोलताना नुसते झेडएचआर म्हणतो. उल्का ज्या बिंदूतून फुटल्यासारख्या दिसतात तो बिंदू बरोबर डोक्यावर आहे, आकाश पूर्ण उघडे आहे, आणि ते इतके काळे आहे की साडेसहाव्या प्रतीचा ताराही (प्रत म्हणजे तेजाचे माप; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद) नुसत्या डोळ्यांना दिसतो आहे, असे धरून एका माणसाला एका तासात किती उल्का दिसल्या असत्या, ते गणिताने काढलेले असते. वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या आकाशांखाली बसलेल्या लोकांच्या नोंदी एका मापात आणून त्यांची तुलना करता यावी, यासाठी हा आकडा आहे. पंचाईत एवढीच होते की बातमीत तो येतो तेव्हा या अटी गळून पडतात आणि वाचणाऱ्याला ते आश्वासन वाटते.

आता या अटी एकेक करून नेरूळच्या गच्चीला लावून पाहू. हा उल्कावर्षाव मिथुन राशीचा आहे. त्याचा उगमबिंदू, ज्याला निरीक्षक रेडियंट म्हणतात, तो पुनर्वसूच्या जोडीतल्या कॅस्टर या ताऱ्याजवळ आहे. आपल्या अक्षांशावर १४ डिसेंबरला हा बिंदू रात्री पावणेआठच्या सुमारास उगवतो. नऊ वाजता तो क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो, दहाला २८ अंश, बाराला ५३ अंश, आणि अडीचच्या सुमारास ७६ अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर येतो. बिंदू जितका खाली, तितके पृथ्वीवर येणारे कण तिरके पसरतात आणि आपल्या वाट्याला कमी येतात. नऊ ते अकराची सरासरी धरली तर दीडशेचे सत्तरच्या आसपास उरतात.

दुसरी अट आकाशाच्या काळेपणाची, आणि शहरात खरी तूट इथे येते. आकाश एका प्रतीने उजळले की या वर्षावातल्या दिसणाऱ्या उल्का सुमारे २.६ पटींनी घटतात, कारण मंद उल्का संख्येने फार जास्त असतात आणि उजेडात पहिला बळी त्यांचा जातो. पाम बीच रस्त्याचे दिवे, मागे औद्योगिक पट्टा, खाडीवरचे हिवाळी धुरके, हे सगळे धरून नेरूळहून साडेतीन प्रतीपर्यंतचे तारे दिसतात असे मानू. साडेसहापासून साडेतीनपर्यंत तीन पायऱ्या होतात, म्हणजे २.६ × २.६ × २.६ असे गुणायचे. उत्तर साडेसतरा येते. सत्तरला साडेसतराने भागले की ताशी चार उरल्या. शेजारच्या इमारतींनी आणि पाण्याच्या टाकीने निम्मे आकाश झाकले असेल तर ताशी दोन, आणि दोन तासांत चार. हा हिशेब एका माणसाचा आहे, आणि तिघींची बेरीज चार म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला कदाचित दोन-तीनच आल्या असतील. पण वर्षाव सर्वांत जोरात असतो त्या शिखराची नेमकी वेळ टळलेली असली की दरही दीडशेच्या बराच खाली असतो. तेव्हा आपली नोंद गणिताशी चांगली जुळते.

सासूबाईंचे म्हणणेही अगदी खरे आहे. उघड्या अंगणात, विजेचे दिवे नसलेल्या गावात, कोणताही विशेष वर्षाव नसलेल्या रात्रीसुद्धा पहाटेकडे तासाला आठ-दहा भटक्या उल्का सहज दिसतात. त्यांनी पाहिलेले आकाश आणि आज आपल्या गच्चीवरचे आकाश यांच्यातली दरी या आकड्यांतून मोजता येते.

पाहतो ते काय आहे, हे माहीत असले की पाहण्यात जीव ओतला जातो, म्हणून थोडे त्याविषयी. बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंनी मागे टाकलेल्या धुळीमुळे होतात. मिथुनचा वर्षाव यात वेगळा आहे, कारण त्याचा जनक ३२०० फेथॉन नावाचा पाच-सहा किलोमीटर व्यासाचा खडकाळ लघुग्रह आहे. १९८३ मध्ये ‘आयरास’ या अवरक्त दुर्बीण वाहणाऱ्या उपग्रहाच्या निरीक्षणांतून तो सापडला, आणि त्याची कक्षा या उल्कांच्या कक्षेशी जुळते हे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी लगेच दाखवून दिले. फेथॉन सुमारे १.४ वर्षांत सूर्याभोवती फिरतो आणि त्या फेरीत सूर्याच्या इतका जवळ जातो की अंतर सव्वादोन कोटी किलोमीटरांहूनही कमी राहते. बुधसुद्धा इतका जवळ जात नाही. त्या मार्गावर विखुरलेले कण पृथ्वी दर डिसेंबरात ओलांडते. कण वाळूच्या दाण्याएवढे, क्वचित वाटाण्याएवढे असतात आणि सेकंदाला ३५ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरून साधारण शंभर किलोमीटर उंचीवर पेटू लागतात. नोव्हेंबरातल्या सिंह राशीच्या उल्का सेकंदाला ७१ किलोमीटर वेगाने येतात आणि मान वळवेपर्यंत संपतात. मिथुनच्या उल्का त्यांच्या निम्म्या वेगाच्या असल्याने डोळ्यांना त्यांचा प्रवास दिसतो. लहान मुलांना दाखवायला मला हा वर्षाव सर्वांत योग्य वाटतो, त्याचे हे मोठे कारण आहे.

एक उल्का माझ्या मनात ताजी आहे. वांगणीच्या पुढे एका शेतात सव्वादोनच्या सुमारास मी पश्चिमेकडे पाय करून पडलो होतो. ती कॅस्टरच्या बाजूने निघाली, मृगाच्या डोक्यावरून पिवळसर रेघ ओढत रोहिणीकडे सरकली, आणि तिथे क्षणभर फुगून दोन तुकड्यांत विझली. शेजारी पडलेला माझा भाचा श्वास रोखून होता, रेघ विझल्यानंतर कितीतरी वेळाने तो म्हणाला, “मामा, आवाज का नाही आला?” शंभर किलोमीटरवरचा आवाज कधी पोहोचेल याचे गणित त्याने तिथेच बोटांवर केले आणि पाच मिनिटे कान देऊन वाट पाहिली.

उगमबिंदूविषयी एक गैरसमज दूर करायला हवा. ठाणे स्थानकाच्या पादचारी पुलावरून रूळ पाहिले की ते दूरवर एका ठिकाणी मिळाल्यासारखे वाटतात. प्रत्यक्षात ते समांतर असतात. उल्कांचेही तसेच आहे. त्या समांतर मार्गांनी येतात, आणि आपल्याला त्या पुनर्वसूपासून फुटल्यासारख्या भासतात. म्हणून पुनर्वसूकडे टक लावून बसू नये. बिंदूच्या जवळ निघालेली उल्का आपल्या दिशेने येत असते, तिची रेघ आखूड दिसते. त्याच्यापासून तीस-चाळीस अंश बाजूला, क्षितिजापासून ५० ते ६० अंश उंचीवर नजर ठेवावी. हात पूर्ण लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते, तेवढे माप पुरते. मध्यरात्रीनंतर मृगाच्या डोक्याचा भाग किंवा उत्तरेकडच्या ब्रह्महृदय ताऱ्याचा भाग हे दोन पट्टे सोयीचे आहेत. कोणता निवडावा हे तारे ठरवत नाहीत, आपल्या भोवतीचा उजेड ठरवतो. जिकडे आकाश अधिक काळे तिकडे तोंड करावे.

आता जागेविषयी. ठाण्यातले लोक पहिल्यांदा येऊरचे नाव काढतात. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आहे, तिथे बिबट्यांचा वावर आहे, आणि रात्री मुलांना घेऊन जंगलाच्या कडेला अंधारात आडवे पडणे हा शहाणपणा नाही. त्यात पश्चिमेला बोरिवलीचा आणि पूर्वेला घोडबंदर रस्त्याच्या टॉवरांचा उजेड आहेच, त्यामुळे एवढा धोका पत्करून हाती फारसे लागतही नाही. खारघरच्या आणि पारसिकच्या टेकड्यांचेही तेच. रात्रीच्या वेळी परवानगीशिवाय टेकडीवर जाऊ नये. खाली शहर पसरलेले दिसते ते सुंदर असते, पण आपल्याला हवे ते आकाश त्याच शहराने धुऊन टाकलेले असते.

नेरूळहून जाण्यासारखी खरी ठिकाणे दोन दिशांना आहेत. कर्जतच्या लोकलने बदलापूरच्या पुढे वांगणी लागते. मुंबईच्या खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन वांगणीला वर्षानुवर्षे होत आले आहे, आणि माझ्यासारख्या कितीतरी लोकांनी नक्षत्रे तिथेच ओळखायला शिकली. बदलापूर वाढत गेले तसा वांगणीचा वायव्येकडचा अंधार कमी झाला. तरीही डोक्यावर आणि पूर्वेला अजून पाचव्या प्रतीपर्यंतचे तारे चांगल्या रात्री मिळतात. त्याहून काळे आकाश हवे असेल तर कल्याणहून मुरबाड आणि तिथून माळशेजच्या दिशेने, मुख्य रस्ता सोडून आत असलेल्या एखाद्या ओळखीच्या शेतावर जावे. मध्यरात्रीनंतर वांगणीला ताशी तीसेक आणि मुरबाडच्या पलीकडे ताशी पन्नासच्या घरात उल्का, हा आकडा शिखराच्या रात्री धरायला हरकत नाही. घाटातल्या वळणावर किंवा धरणाच्या भिंतीवर गाडी लावून बसू नका. शेतमालकाला आधी विचारलेले असावे, स्वच्छतागृहाची सोय जवळ असावी, आणि सासूबाईंना पाठ टेकायला खाट मिळावी. आकाश अर्ध्या प्रतीने कमी काळे असले तरी चालेल, पण या तीन गोष्टी सोडू नका.

पनवेल-कर्जत बाजूला कोणाच्या शेतावर गेलात तर डिसेंबरात पोपटी लागतेच. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, उलटे ठेवलेले मडके आणि भोवती जाळ, हा बेत कोणी चुकवू नये असे माझे प्रामाणिक मत आहे. मात्र तो दहाच्या आत उरकून घ्यावा. जाळाकडे पाहिलेल्या डोळ्यांना पुन्हा अंधार दिसायला अर्धा तास लागतो, आणि वाऱ्याची दिशा बदलली की धूर नेमका डोक्यावर येतो.

कुठेच जाणे जमणार नसेल तर गच्ची टाकून देऊ नका, वेळ बदला. त्याच गच्चीवर दीड ते साडेतीन बसलात, पाण्याच्या टाकीची अशी बाजू निवडलीत की रस्त्याचा एकही दिवा थेट डोळ्यात येत नाही, आणि तरी वरचे आकाश उघडे राहते, तर ताशी आठ उल्कांपर्यंत मजल जाते. काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना मी विनंती केली की गच्चीच्या दाराशी असलेला हॅलोजन दोन तास बंद ठेवावा. सुरक्षेच्या कारणाने ते आधी का-कू करत होते. मग वॉचमनकाकांना सोबत बसवायचे या अटीवर तयार झाले. दिवा चालू असताना माझ्या वहीत अर्ध्या तासात दोन नोंदी होत्या. दिवा बंद झाल्यावर, डोळे सरावायला वीस मिनिटे सोडून दिल्यानंतरच्या अर्ध्या तासात पाच झाल्या, आणि त्यांतली सर्वांत तेजस्वी उल्का वॉचमनकाकांनी दाखवली. आता डिसेंबर लागला की ते स्वतः तारीख विचारतात.

डोळ्यांच्या सरावाविषयी मी थोडा कडक आहे. अंधारात गेल्यावर बाहुली काही क्षणांत मोठी होते, पण डोळ्यातले अंधारात पाहण्याचे रंगद्रव्य पूर्ण तयार व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. मोबाइलचा पडदा एकदा उघडला की ती तयारी काही सेकंदांत मोडते. म्हणून मोबाइल बंद किंवा पालथा, आणि वहीत लिहिण्यासाठी टॉर्चवर लाल जिलेटीन कागदाच्या दोन-तीन घड्या रबराने बांधाव्यात. उजेड इतका मंद हवा की अक्षर जेमतेम वाचता यावे. मुलांना पहिल्या अर्ध्या तासात कंटाळा येतो. तेवढा वेळ त्यांच्याशी बोलत मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका ओळखायला लावाव्यात, सराव आपोआप होतो.

दुर्बीण उल्का पाहण्यासाठी घेऊ नका. तिच्यातून आकाशाचा फार छोटा तुकडा दिसतो, आणि उल्का नेमकी त्या तुकड्यातून जाण्याची शक्यता नगण्य असते. उघडे डोळे आणि आडवे शरीर, यापलीकडे साधन नाही. छोटी द्विनेत्री जवळ असली तर विश्रांतीच्या वेळेत कृत्तिका आणि मृगातला तेजोमेघ मुलीला जरूर दाखवा. कॅमेऱ्याचे थोडक्यात सांगतो: तिकाटणे, रुंद भिंग, छिद्र पूर्ण उघडे, शहरात पाच-आठ सेकंदांचे आणि खेड्यात पंधरा-वीस सेकंदांचे फोटो एकामागून एक आपोआप निघत राहतील अशी व्यवस्था करून कॅमेरा विसरून जावा. समाजमाध्यमांवर एकाच चित्रात पन्नास उल्का दिसतात, ते कित्येक तासांच्या अनेक फोटोंची जुळणी असते. मुलीला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ती चित्रेही दीडशेच्या आकड्यासारखी अपेक्षा होऊन बसतात.

शेवटचा प्रश्न उपयोगाचा होता, आणि मला त्याविषयी सर्वांत जास्त सांगायचे आहे. हा वर्षाव १८६२ मध्ये इंग्लंड आणि अमेरिकेतल्या निरीक्षकांच्या लक्षात आला, तेव्हा तो अगदी साधा होता; एकोणिसाव्या शतकात तासाला वीसच्या आसपास उल्का मोजल्या जात. १९३० च्या दशकात हा आकडा पन्नासच्या घरात गेला आणि आज तो एकशेवीस ते दीडशे आहे. गुरूच्या गुरुत्वाकर्षणाने कणांचा प्रवाह हळूहळू सरकतो आहे आणि पृथ्वी त्याच्या अधिक दाट भागातून जाऊ लागली आहे, हे जे आपण आज म्हणतो, त्याच्या मुळाशी पिढ्यान्‌पिढ्या अंगणात, शेतात, गच्चीवर पडून वहीत रेघा मारणारे लोक आहेत. त्यांतले बहुतेक हौशी होते. आजही आंतरराष्ट्रीय उल्का संघटना, जी १९८८ मध्ये स्थापन झाली, जगभरच्या हौशी निरीक्षकांच्या नोंदी गोळा करते आणि त्यांतून दर वर्षीचा आलेख काढते. आपल्या देशाच्या रेखांशावर रात्र असते तेव्हा युरोपात संध्याकाळ आणि अमेरिकेत दिवस असतो. त्या तासांची नोंद आपल्याकडूनच जायला हवी.

नोंद उपयोगी पडायला फार थोड्या गोष्टी लागतात, पण त्या चोख लागतात. पहिली म्हणजे प्रत्येकाने आपली स्वतंत्र मोजणी ठेवायची. चौघांनी मिळून ‘आम्हाला साठ दिसल्या’ म्हटले तर त्या साठचे काहीच करता येत नाही, कारण कोणी किती आकाश पाहिले हे कळत नाही. “ती बघा!” असे कोणी ओरडल्यावर मान वळवून दिसलेली उल्का आपल्या मोजणीत धरायची नाही. मुलांसाठी हे अवघड असते, पण एकदा समजले की तीच आपल्यावर नजर ठेवतात.

दुसरी गोष्ट आकाशाची प्रत. तासाभराने एकदा आपल्याला दिसणारा सर्वांत मंद तारा कोणता ते पाहायचे. मृगाच्या डोक्याशी असलेला तारा ३.४ प्रतीचा आहे. तो नजर स्थिर ठेवून जेमतेम दिसत असेल तर आकाश साडेतीन प्रतीचे. कृत्तिकेत सहा तारे वेगळे मोजता आले तर ४.३ च्या पुढे. गेल्या वर्षीच्या आपल्या चार उल्कांबरोबर हा एक आकडा लिहिलेला असता तर ती नोंद वांगणीच्या चाळीस उल्कांइतकीच पूर्ण झाली असती.

तिसरी गोष्ट वेळ. सुरुवात, शेवट आणि मध्ये चहासाठी उठलात ती मिनिटे लिहायची, आणि मोजणी पंधरा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत ठेवायची. प्रत्येक उल्केसाठी माझ्या वहीत एक ओळ असते: ‘२.१४, मि, ०, पिवळी’. म्हणजे वेळ, वर्षाव, प्रत, रंग. प्रत ठरवायला तारे समोरच असतात: व्याध उणे १.५, ब्रह्महृदय आणि मृगाचा पाय राजन्य साधारण शून्य, रोहिणी एकच्या आसपास, मृगाच्या पट्ट्यातले तारे दोन. उल्का मिथुनची की भटकी हे ठरवायला तिची रेघ मनाने मागे वाढवायची. ती पुनर्वसूपाशी पोहोचली आणि वेगही मध्यम होता तर ‘मि’, नाहीतर ‘भ’. विमाने आणि उपग्रह यांत मिसळू नयेत; आता उलव्याला विमानतळ झाल्यामुळे नेरूळच्या आकाशात दिव्यांची ये-जा वाढली आहे, पण उल्का क्षणभरात संपते आणि उपग्रह मिनिटे घेतो, त्यामुळे गल्लत फार वेळ टिकत नाही. लिहायला पेन्सिल घ्यावी. वांगणीला पहाटे दवाने कागद इतका ओलावतो की पेन उठत नाही, आणि एका वर्षी माझी तीन ते चारची सगळी नोंद त्यामुळे अर्धवट राहिली.

येत्या वेळापत्रकाविषयी. हा वर्षाव साधारण ४ ते २० डिसेंबर चालतो, शिखर १३-१४ च्या आसपास, आणि शिखरानंतर दर झपाट्याने उतरतो. म्हणून १३ आणि १४ या दोन्ही रात्री राखून ठेवाव्यात. त्याआधी पंचांग पाहावे, कारण चंद्र शहराच्या दिव्यांहून मोठा शत्रू आहे. २०२६ मध्ये मार्गशीर्षाचा शुक्ल पक्ष नुकता सुरू झालेला असेल आणि चंपाषष्ठीच्या आगेमागेचा तो चंद्र मध्यरात्रीच्या आत मावळेल. नेमका आपल्या उपयोगाचा वेळ काळा मिळेल. २०२७ मध्ये मात्र दत्तजयंतीची पौर्णिमा १३ डिसेंबरलाच येते, तेव्हा लांब जाण्याचा खटाटोप करू नये. जानेवारीच्या ३-४ तारखेला क्वाड्रँटिड नावाचा आणखी एक जोरदार वर्षाव असतो, पण त्याचे शिखर काही तासांचेच असते आणि त्याचा बिंदू आपल्याकडे रात्री उशिरा उगवतो, त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्यांना मी तो सुचवत नाही.

थंडी हलकी घेऊ नका. नेरूळच्या मानाने वांगणी-मुरबाडकडे पहाट बरीच गार असते, आणि हालचाल न करता आडवे पडलेल्या माणसाला ती दुप्पट वाटते. खाली ताडपत्री, तिच्यावर सतरंजी, अंगावर गोधडी, गोधडीवर प्लॅस्टिकचा कागद म्हणजे दव मुरत नाही. कानटोपी, पायमोजे, डासांसाठी मलम, थर्मासमध्ये आल्याचा चहा. सासूबाईंना जमिनीवर झोपवू नका, आरामखुर्ची किंवा खाट न्यावी, आणि मुलीला दहा ते एक झोपू द्यावे. दीड वाजता उठवलेले मूल संध्याकाळपासून जागवलेल्या मुलापेक्षा कितीतरी ताजे असते. गाडीने गेलात तर पहाटे आकाश उजळू लागल्याबरोबर घाईने निघू नका. रात्रभर जागलेल्या माणसाने मुरबाड-कल्याण रस्त्यावर पहाटेच्या धुक्यात गाडी चालवणे हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत मोठा धोका आहे. गाडी चालवणाऱ्याने उन्हं वर येईपर्यंत दोन तास तिथेच झोप काढावी, तोवर बाकीच्यांनी वहीतल्या रेघांची बेरीज करावी.